मशीन खोटं बोलत नाही?

फ्रेंड्स, आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीचा पेपर म्हणजे माझ्यासाठी दरवर्षीचं टेन्शन. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या. खरं तर हा लेख मी इंग्लिश सेक्शनला देऊ शकले असते, पण तो गेटवरच्या वॉचमन काकांनी आणि मेसच्या मावशींनीही वाचावा अशी माझी इच्छा आहे. शिवाय यात एक कबुली आहे, आणि कबुली आपल्या भाषेतच द्यावी असं आमची आजी म्हणते.

तर कबुली अशी. या टर्मच्या सुरुवातीला गर्ल्स हॉस्टेलला जी नवीन कार्डं आली, गेटला आणि खोलीच्या दाराला टेकवली की हिरवा दिवा लागतो ती, ती प्रोग्रॅम करणाऱ्या तिघींपैकी एक मी. आणि त्यातल्या २१ कार्डांवर आम्ही चुकीची माहिती लिहिली. त्यापायी सेकंड इयरच्या एका मुलीचं कॉलेज जवळजवळ सुटलं होतं.

झालं असं. कुलपं बसवून झाली आणि कार्डं कोण लिहिणार हा प्रश्न आला. सप्लायरचा माणूस येणार होता, पण तो दर कार्डामागे वेगळे पैसे मागत होता. रेक्टर मॅडम म्हणाल्या, "आपल्या मुली इंजिनियर होणार आहेत ना? मग?" आम्ही काय, लगेच तयार! प्रोजेक्टला एका छोट्या रीडरवर अशी कार्डं वाचण्याचं काम आम्ही केलेलं होतं. कॉलर टाइट करून शनिवारी रात्री स्टडी रूममध्ये बसलो. लॅपटॉप, रीडर, चहाचा थर्मास, चिवडा, आणि समोर कार्डांचा गठ्ठा. १३८ खोल्या, प्रत्येकीत तिघी, एकूण ४१४ कार्डं. नाव आणि फोटो आधीच छापून आलेले, खोली नंबरच्या क्रमाने लावलेले.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कार्डात बॅटरी नसते. आत एक बारीक चिप आणि तिच्याभोवती तारेची कॉइल असते. रीडर १३.५६ मेगाहर्ट्झचं क्षेत्र तयार करतो, त्यातून कॉइलला चिप चालण्यापुरती वीज मिळते आणि चिप बोलायला लागते. आमची कार्डं 'मायफेअर क्लासिक एक के' या जातीची. एक के म्हणजे १०२४ बाइट. त्याचे १६ सेक्टर, दर सेक्टरमध्ये चार ब्लॉक, दर ब्लॉकमध्ये १६ बाइट. आपल्या चाळीसारखं समजा, १६ खोल्या आणि प्रत्येक खोलीत चार कप्पे. चौथ्या कप्प्यात त्या खोलीच्या दोन किल्ल्या असतात, सहा-सहा बाइटच्या. अगदी पहिल्या कप्प्यात कारखान्याने घातलेला नंबर असतो, तो सहसा बदलत नाही. आम्ही एका सेक्टरमध्ये तीन गोष्टी लिहीत होतो: मुलीचा हॉस्टेल नंबर, खोली नंबर आणि मुदत. खोलीचं कुलूप चार पेन्सिल सेलवर चालतं, ते कोणालाही जोडलेलं नाही, फक्त खोली नंबर आणि तारीख बघतं. गेटचा रीडर मात्र कॉम्प्युटरला जोडलेला आहे, तो हॉस्टेल नंबर वाचतो आणि वेळ टाकून नोंद करतो.

प्रोग्रॅम सोपा होता. यादीतलं एक नाव स्क्रीनवर येणार, आपण कार्ड टेकवायचं, बीप वाजला की माहिती लिहिली गेली, पुढचं नाव. एकीने कार्ड द्यायचं, एकीने टेकवायचं, एकीने गठ्ठा लावायचा. पहिल्या ५० कार्डांपर्यंत आम्ही प्रत्येक नाव मोठ्याने वाचत होतो. १०० नंतर कोणीच वाचत नव्हतं. फक्त बीप, बीप, बीप. बल्कमध्ये काम करताना हात एका लयीत जातो आणि डोकं दुसरीकडेच, मेसमध्ये चपात्या लाटणाऱ्या मावशींना विचारा. फरक इतकाच की त्यांची चपाती चुकली तर तव्यावर दिसते.

मध्यरात्री कधीतरी दोन नवी कार्डं एकमेकांना चिकटलेली आली. प्लॅस्टिक नवं असलं की चिकटतात. आम्ही दोन्ही एकदम टेकवली. बीप एकदाच झाला, एकच कार्ड लिहिलं गेलं, आणि दोन्ही 'झालेल्या' गठ्ठ्यात गेली. म्हणजे २१४ नंबरच्या खोलीतल्या पहिल्या मुलीचं कार्ड कोरं राहिलं, तिची माहिती दुसरीच्या कार्डावर गेली, दुसरीची तिसरीच्या कार्डावर, तिसरीची २१५ मधल्या पहिलीच्या... असं सगळं एकेक घर सरकत गेलं. हे एवढंच झालं असतं तर शेवटी कार्डं संपली असती आणि स्क्रीनवर एक नाव उरलं असतं. आम्हाला कळलं असतं. पण आमचं नशीब इतकं 'चांगलं' की २२१ च्या पहिल्या मुलीचं कार्ड कोणीतरी दोनदा टेकवलं. पहिल्या वेळी मागच्या मुलीचं नाव त्यावर गेलं, दुसऱ्या वेळी तिचं स्वतःचं, आणि तिथून पुढे गाडी परत रुळावर. ४१४ कार्डं, ४१४ बीप. हिशोब चोख! आम्ही टाळ्या दिल्या आणि झोपायला गेलो.

सोमवारी कार्डं वाटली. दोन दिवसांत सात मुली आल्या. दार उघडत नाही. आम्ही म्हटलं कार्ड खराब असेल, दे इकडे, आणि तिच्या नावाने पुन्हा लिहून दिलं. ४१४ मध्ये सात म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही, अशी आम्ही आमचीच पाठ थोपटली. त्या सातही जणी ओळीने २१४ ते २२० या खोल्यांतल्या होत्या हे आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. उरलेल्या १४ जणी आल्याच नाहीत. का याव्यात? त्यांच्या कार्डावर रूममेटचा हॉस्टेल नंबर होता, पण खोली नंबर तर तोच. दार उघडत होतं. गेटवर हिरवा दिवा लागत होता.

जी चूक त्रास देते ती सापडते. जी चूक हिरवा दिवा दाखवते ती तीन आठवडे सुखाने राहिली.

मग ती रात्र आली. यांपैकी एका खोलीतली एक मुलगी गावाहून परत येत होती. तिची एस.टी. घाटात बंद पडली, दुसरी गाडी मिळेपर्यंत उशीर झाला, आणि ती १०:५२ ला गेटवर पोचली. आपली वेळ ९ ची. (मुलांच्या हॉस्टेलची वेळ काय आहे? कोणालाच माहीत नाही, कारण ती नाहीच. पण तो विषय वेगळा आहे, त्यावर लिहायला बसले तर अख्खा अंक लागेल.) तिने कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला, ती आत आली. नोंद मात्र झाली तिच्या रूममेटच्या नावावर. ती रूममेट साडेआठलाच जेवून सबमिशन लिहीत बसली होती.

सकाळी कॉम्प्युटरने उशिराची यादी काढली. नियमाप्रमाणे घरी फोन गेला. तिच्या वडिलांनी एकच वाक्य म्हटलं, "सामान बांध, मी येतोय." त्यांनी तिला हॉस्टेलला ठेवलं होतं तेच घरातल्यांशी भांडून. ती रडत सांगत होती की मी खोलीतच होते. तिची रूममेट, जी खरंच उशिरा आली होती, ती स्वतःहून ऑफिसात गेली आणि म्हणाली, "उशिरा मी आले, तिला काही बोलू नका." हे सोपं नव्हतं हं. कोणी स्वतःहून असं सांगायला जात नाही. पण ऑफिसातून उत्तर आलं की तुझी तर काल रात्रीची नोंदच नाही, मैत्रिणीला वाचवायला येऊ नकोस. आणि मग ते वाक्य: "माणूस खोटं बोलेल, मशीन खोटं बोलत नाही."

गेटवर काकांना विचारलं, कोण आलं होतं? काकांनी खरं ते सांगितलं. म्हणाले, "पोरी, कार्ड आल्यापासनं आम्ही तोंडाकडं बघत न्हाई. दिव्याकडं बघतो."

संध्याकाळी ती दुसरी मुलगी माझ्या खोलीत आली. विचारलं, "ताई, कार्ड चुकू शकतं का गं?" आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "नाही. आम्ही सगळं चेक केलंय." हे लिहिताना आत्तासुद्धा मला लाज वाटते. ती गेल्यावर अर्ध्या तासाने मी उठले, तिच्या खोलीत जाऊन तिचं कार्ड मागून आणलं आणि रीडरवर ठेवलं. स्क्रीनवर नाव आलं ते तिचं नव्हतं.

त्या रात्री आम्ही तिघींनी मिळून २१४ ते २२० च्या सगळ्या मुलींना उठवलं आणि कार्डं तपासली. मग गेटच्या नोंदी काढल्या. त्यात जे दिसलं त्याने आम्ही गार पडलो. प्रत्येक खोलीतली तिसरी मुलगी, म्हणजे एकूण सात मुली, नोंदीप्रमाणे पहिले एक-दोन दिवस सोडले तर गेटमधून ना आत आल्या होत्या ना बाहेर गेल्या होत्या. कॉलेज नाही, मेस नाही, काही नाही. आणि पहिल्या मुली दिवसातून दुप्पट वेळा ये-जा करत होत्या, कारण त्यांचा नंबर दोन-दोन कार्डांवर होता. रोज हे कॉम्प्युटरमध्ये जमा होत होतं. कोणी बघितलं नाही. नोंद कधी बघितली, तर कोणाला तरी पकडायचं होतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील पोचले त्याच वेळी मी कार्डं आणि प्रिंट घेऊन रेक्टर मॅडमच्या ऑफिसात उभी होते. मॅडमचं मला कौतुक करायचंय. त्यांनी प्रिंट दोनदा वाचला, वडिलांना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "आमची चूक झाली." 'मुलींची चूक झाली' असं म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. वडील बराच वेळ गप्प होते. मग मुलीला म्हणाले, "जेवलीस का?" ती हॉस्टेलमध्येच आहे.

आता माझं मत. पूर्वी गेटवर रजिस्टर होतं, दोरीला पेन बांधलेलं. त्यात प्रत्येकीची येण्याची वेळ ८:५५. ज्या दिवशी गॅदरिंगची प्रॅक्टिस ११ पर्यंत चालली त्या दिवशीही ८:५५! रजिस्टर धादांत खोटं होतं, पण ते खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कोणावर काही आळ आला की मॅडम रजिस्टर बाजूला ठेवायच्या आणि मुलीला विचारायच्या, काकांना विचारायच्या. कार्ड रजिस्टरपेक्षा कमी खोटं बोलतं हे मला मान्य आहे. पण ते बोलतं तेव्हा आपण विचारायचंच बंद करतो. आणि ते बोलतं काय, तर जे कोणीतरी रात्री दीड वाजता चिवडा खाता खाता त्याच्यात लिहिलं ते. या केसमध्ये ते 'मशीन' म्हणजे मी होते.

हे फक्त आपल्या हॉस्टेलचं आहे असं वाटत असेल तर इंग्लंडचं पोस्ट ऑफिस बघा. तिथे होरायझन नावाची कॉम्प्युटर सिस्टिम होती. तिच्या हिशोबात छोट्या पोस्टमास्तरांकडे पैसे कमी दिसायला लागले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त लोक चोर ठरले, काही तुरुंगात गेले. चूक सॉफ्टवेअरमध्ये होती. शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तिथेही वर्षानुवर्षं कोर्टात एकच गृहीत धरलं गेलं, की कॉम्प्युटर बरोबरच असणार.

आणि चूक नको, लबाडी धरा. आपली कार्डं ज्या जातीची आहेत तिचं कुलूप फोडता येतं हे २००७ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या एका परिषदेत दोघांनी दाखवलं. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ते सविस्तर मांडलं. चिप बनवणारी कंपनी पेपर थांबवायला कोर्टात गेली आणि हरली. पेपर छापून आला. २०२४ च्या मार्चमध्ये याच चिपवर चालणाऱ्या हॉटेलच्या कुलपांमधला दोष जाहीर झाला, तेव्हा १३१ देशांतली ३० लाखांहून जास्त दारं त्यात होती. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका चिनी कंपनीच्या याच जातीच्या स्वस्त चिपमध्ये कारखान्यापासूनच एक चोरदार आहे हे उघड झालं. एक गुप्त किल्ली, त्या जातीच्या सगळ्या चिपांना तीच. आपण मात्र अजून याच जातीचं कार्ड घेतो, कारण स्वस्त आहे. वरून आम्ही काय केलं? सप्लायरच्या कागदावर जी किल्ली लिहिली होती ती सगळ्या ४१४ कार्डांना एकच ठेवली. एक कार्ड फुटलं की सगळी फुटली. हे फक्त आमच्या आळसामुळे झालं, त्यात बजेटचा काही संबंध नाही. कार्डाच्या कारखान्याच्या नंबरवरून प्रत्येक कार्डाची वेगळी किल्ली काढता येते. त्याने या जातीचं कार्ड अभेद्य होत नाही, पण निदान एकीच्या कार्डावरून सगळ्यांची दारं उघडणार नाहीत. दहा-पंधरा ओळींचा कोड आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की पुढच्या टर्मला मुलांच्या हॉस्टेललाही ही कुलपं बसणार आहेत, आणि "तुम्हाला अनुभव आहेच" म्हणून कार्डं लिहायला आम्हालाच विचारलंय. (अनुभव! हो, आहे.) मी करीन, पण आधीसारखं नाही. लिहिताना प्रत्येक कार्डाचा कारखान्याचा नंबरही साठवायचा. आम्ही तो साठवला असता तर शेवटी ४१४ ऐवजी ४१३ वेगळे नंबर निघाले असते आणि चूक त्याच रात्री सापडली असती. एकच कार्ड पुन्हा आलं तर प्रोग्रॅमने ओरडलं पाहिजे. लिहिलेलं परत वाचून फोटोशी ताडलं पाहिजे, आणि १०० कार्डांनंतर माणूस बदलला पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं आणि फुकट काम म्हणजे, कार्ड हातात देताना ज्याचं त्याच्यासमोर रीडरवर टेकवायचं आणि स्क्रीनवरचं नाव त्याला मोठ्याने वाचायला लावायचं. दोन मिनिटांचं काम. आम्ही मात्र कार्डं विंग रिप्रेझेंटेटिव्हच्या हातात पिशवीतून दिली होती, दूध टाकल्यासारखी.

पण टेक्निकल भाग सुधारला तरी माझी खरी मागणी ऑफिसकडे आहे. नोंद दिसली तर तिच्यावरून प्रश्न विचारा, जरूर विचारा. घरी फोन जाण्याआधी मात्र त्या मुलीला बोलावून विचारा, कार्ड रीडरवर ठेवून बघा, काकांना विचारा. काकांना दिव्याकडे बघायला नेमलेलं नाही, तेही त्यांना सांगा. नोंदी किती दिवस ठेवणार, कोण बघणार, हे नोटीस बोर्डावर लावा. एक महिन्यानंतर त्या पुसून टाकायला काय हरकत आहे? कोणती मुलगी कोणत्या दिवशी किती वाजता बाहेर गेली हे चार वर्षं साठवून कॉलेज काय करणार आहे? २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा संमत केला, त्यातही आपल्याबद्दलची चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क धरलेला आहे. ती चूक आधी आपल्याला दिसली तरच तो हक्क कामाचा, म्हणून प्रत्येकीला स्वतःची नोंद बघता आली पाहिजे.

काही मैत्रिणी म्हणतात, एवढा त्रास आहे तर कार्डच नको, जुनी किल्ली बरी. मला तसं वाटत नाही. किल्ली हरवली की अख्खं कुलूप तोडावं लागायचं आणि डुप्लिकेट किल्ली किती जणींकडे असायची हे आपल्याला माहीत आहे. कार्ड हरवलं तर नंबर गेटवरून काढून टाकता येतो. (खोलीच्या कुलपाला ते आपोआप कळत नाही, त्याच्याजवळ जाऊन सांगावं लागतं, हे लक्षात ठेवा.) कार्ड असू दे. फक्त त्याच्यावरचं नाव आणि माणूस या दोन गोष्टी एकच आहेत असं धरून चालू नका.

ती २१ कार्डं आम्ही त्याच आठवड्यात पुन्हा लिहिली, एकेक, समोर बसवून. जिला घरी जावं लागणार होतं ती माझ्यासमोर बसली तेव्हा तिने स्क्रीनवरचं स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं, मग म्हणाली, "ताई, परत एकदा टेकवा ना." मी टेकवलं. तिने परत वाचलं.

गेटच्या कॉम्प्युटरमधली १०:५२ ची ती नोंद मात्र हा लेख देईपर्यंत तिच्याच नावावर आहे. दुरुस्तीचा अर्ज दिलाय. सप्लायरचं म्हणणं आहे की सिस्टिममध्ये जुनी नोंद बदलायची सोय नाही.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)